हनुवटीखालची सावली

आमच्या घरात दोन पक्ष होते. एक रंगाचा, दुसरा गडद-उजळाचा. रंगाच्या पक्षात दादा एकटा. गडद-उजळाच्या पक्षात बाबा आणि मी. आई कुठल्याच पक्षात नव्हती. तिची एवढीच मागणी होती की ब्रश चहाच्या कपात बुडवू नका, आणि तीही कधी पुरी झाली नाही.

बाबा माणसांची चित्रं काढायचे. संस्थांचे अध्यक्ष, न्यायाधीश, कुणाचे आजोबा, कुणाच्या सासूबाई. खालची मोठी खोली त्यांची. तिला उत्तरेकडे एकच उंच खिडकी, म्हणजे ऊन आत येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. नवं चित्र घेतलं की पहिले काही दिवस रंगाच्या पेटीला हात लावायला बंदी. आधी सगळा माणूस नुसत्या काळ्या-पांढऱ्यात उभा करायचा. कपाळ किती उजळ, डोळ्याची खोबण किती गडद, आणि सगळ्यात महत्त्वाची हनुवटीखालची सावली. ती नेमकी पडली की डोकं धडावर बसतं, असं त्यांचं म्हणणं. मग कातडी हिरवी रंगवा, माणूस ओळखू येतोच. हे सांगताना ते डोळे किलकिले करून समोरच्याकडे बघायचे, कारण डोळे अर्धे मिटले की रंग विरतात आणि गडद-उजळ तेवढं उरतं. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, मास्तरांना आपला संशय आलाय.

"रंग गोड बोलतो," ते म्हणायचे. "गडद-उजळ खरं बोलतं."

मी फोटो काढते. काळे-पांढरेच काढते, आणि लोक का म्हणून विचारतात तेव्हा मला राग येतो. रंगीत फोटोत लोक लाल छत्री बघतात आणि छत्रीखालची बाई बघायची राहते. घराच्या मागच्या बाजूला एक जुनी न्हाणी आहे, तिथे काळे पडदे लावून मी माझे फोटो धुते. दादा मला करडी म्हणतो. फोटोंमुळे म्हणतो की स्वभावामुळे, ते मी विचारलेलं नाही. मी त्याला रंगारी म्हणते, म्हणजे फिटंफाट.

दादा शाळा सुटल्यापासून खालच्या खोलीत. रंग तो घोटून द्यायचा. कोट, बटणं, खुर्चीचे हात, मागचा पडदा हे सगळं तो रंगवायचा. चेहरा बाबांचा. आणि सहीसुद्धा बाबांचीच, कारण एका खोलीतून एकच सही बाहेर पडते असा नियम होता. दादाचे केस पांढरे व्हायला लागले तरी नियम काळाच राहिला.

याचं कारण एक न्यायाधीश. दादा विशीत असताना बाबांनी त्याला एक चित्र अख्खं करायला दिलं होतं. त्याने न्यायाधीशांचा झगा असा लाल केला आणि मागची भिंत अशी हिरवी केली की बघणाऱ्याचं तोंड गोड व्हावं. पण तो लाल, तो हिरवा आणि चेहऱ्याची सावली, तिन्ही एकाच गडदपणाची झाली. डोळे किलकिले केले की सगळं सपाट. न्यायाधीशांच्या घरच्यांनी चित्र परत आणून दिलं आणि नम्रपणे विचारलं की झगा दिसतो, भिंत दिसते, न्यायमूर्ती कुठे गेलेत. त्या दिवशी बाबांनी निकाल दिला तो कायमचा: ह्याला रंग कळतो, गडद-उजळ कळत नाही. पुढे ते हे वाक्य गिऱ्हाइकांसमोर, पाहुण्यांसमोर, दादासमोर इतक्या सहज बोलायचे की त्यात अपमान आहे हे त्यांच्या ध्यानातही नसायचं. दादाच्या मात्र असायचं. एकदा जिन्यात बसून तो मला म्हणाला होता की मरायच्या आधी एका चित्राच्या कोपऱ्यात त्याला आपलं नाव बघायचंय, आणि तेही बाबांनी आपणहून म्हटलं तर. मागून घ्यायचं नाही. मला तेव्हा त्याची कीव आली आणि त्याहून जास्त बाबांचा राग आला.

मग बाबांचे डोळे बिघडायला लागले.

सुरुवात तक्रारीने झाली. दुकानदार हल्ली पांढरा रंग पिवळट विकतो. भिंतीचा चुना पिवळा पडलाय. दादाने घोटलेला कातडीचा रंगही पिवळा, त्यात निळा घाल, अजून घाल. दादा मुकाट्याने घालायचा. चित्रातली माणसं हळूहळू जांभळी व्हायला लागली. मोतीबिंदू आहे हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, पण बाबांना कोण सांगणार? ज्याने जन्मभर दुसऱ्यांना दिसत नाही म्हणून सुनावलं, त्याला तुम्हाला दिसत नाही म्हणायचं म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची. शेवटी एक गिऱ्हाईक दारात आईला भेटलं. चित्र छान आहे, पण आमचे वडील हृदयविकाराने गेले, बुडून नव्हे, असं म्हणालं. आईने वॉर्निश द्यायचं राहिलंय अशी थाप मारून चित्र ठेवून घेतलं आणि दादाने ते निस्तरलं.

त्यानंतर बाबांनी बाहेरची कामं कमी केली आणि आईचं चित्र काढायला घेतलं. इतकी वर्षं दुनियेच्या सासवा रंगवल्या, घरचं माणूस राहून गेलं, असं त्यांना वाटलं. आई खिडकीजवळच्या खुर्चीत, अंगावर मोरपिशी शाल, हात मांडीवर. आईला बसून राहायची सवय नाही. ती बसल्या बसल्या शेंगा सोलायची आणि बाबा हात हलवू नकोस म्हणून ओरडायचे. बाबा पाय मोकळे करायला गेले की ती उठून चित्र बघायची. काळ्या-पांढऱ्यात होतं तोवर ती खूश होती. रंग चढायला लागले तशी तिची मुद्रा बदलली. एके दिवशी तिने दादाला बोलावून चित्रासमोर उभं केलं.

"माझं वांगं करून ठेवलंय ह्यांनी. मला माणसात आण," ती म्हणाली. "पण त्यांना कळता कामा नये."

हे सांगायला सोपं. बाबांना रंग दिसत नव्हता, पण गडद-उजळ दिसत होतं, आणि ते त्यांना आपल्या चेहऱ्यावरच्या डागासारखं पाठ होतं. गालावरचा जांभळा खरवडून तिथे खरी कातडी आणायची, पण ती आधीच्या जांभळ्याइतकीच गडद हवी. केसभर जास्त उजळ झाली तरी बाबा दारातूनच ओरडले असते. म्हणजे ज्या परीक्षेत दादा विशीत नापास झाला, तीच त्याला आता रोज द्यायची होती, परीक्षकाच्या नाकाखाली, आणि पास झाला तरी कुणाला सांगता येणार नव्हतं.

मला हे कळलं ते माझ्या पिवळ्या काचेमुळे. काळे-पांढरे फोटो काढताना मी कॅमेऱ्याच्या भिंगापुढे कधी कधी एक पिवळी काच लावते. ती निळ्याला दाबते. फोटोत आभाळ गडद होतं आणि ढग वर येतात. ती काच अचानक नाहीशी झाली. मी आधी आईला, मग मांजराला बोल लावला. एका संध्याकाळी बाबा फिरायला गेलेले असताना खाली गेले तर दादा आईच्या चित्रासमोर उभा, उजव्या डोळ्यापुढे माझी काच धरलेली, डावा डोळा घट्ट मिटलेला, हातात ब्रश. मी तोंड उघडायच्या आत त्याने समजावलं. मोतीबिंदू झालेल्या माणसाला सगळं पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं. निळा आणि जांभळा त्याला आहेत त्याहून गडद भासतात. "मी माझ्या डोळ्यांनी जुळवलं तर ते उद्या पकडतील," दादा म्हणाला. "मला त्यांच्या डोळ्यांनी जुळवायला लागतं."

मी काच परत मागायला गेले होते. मागितली नाही. दुसरी आणली.

तेव्हापासून आमचं तसंच चाललं. सकाळी बाबा जांभळा चढवायचे, संध्याकाळी दादा तो उतरवायचा. चित्र सुरू झाल्यापासूनच मी दर रविवारी सकाळी त्याचा फोटो काढायचे, पिवळी काच लावून, काळा-पांढरा. बाबांना ते आवडायचं. काम कुठवर आलं याची नोंद राहते म्हणायचे, आणि फोटो हातात घेऊन म्हणायचे की बघ, रंग नसला तरी तुझी आई आहे की नाही. मी हो म्हणायचे. एकदा चहा पिताना ते फार खुशीत होते. बरेच दिवस त्यांना हनुवटीखालची सावली छळत होती. मान सुटतेय, डोकं पुढे येतंय, अशी त्यांची कुरकुर होती. त्या सकाळी ते म्हणाले की काल मान बसली. किती दिवस झगडत होतो आणि कालच्या शेवटच्या हाताला बसली बघ. आईला ठसका लागला. दादा बिस्किटाकडे बघत राहिला. मला वाटलं, चहा गरम होता.

ऑपरेशनला बाबा पुष्कळ दिवस तयार नव्हते. मला दिसतंय, हा एकच हेका. शेवटी जिन्याची पायरी चुकले, गुडघा सोलून घेतला, आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासून सांगितलं की आता थांबू नका, आधी उजवा करू. बाबा राजी झाले ते एका अटीवर: आईच्या चित्रावर सही ऑपरेशन झाल्यावर, स्वच्छ डोळ्याने करणार. तोवर चित्रावर कापड.

दादा रोज कापड उचलून चित्र परत परत तपासायचा. ते बघवत नव्हतं. पण वेळ घेतली त्यानेच, तपासण्यांना नेलं त्यानेच, थेंब घालायचे त्यानेच. मी त्याला म्हटलं की अजून थोडे दिवस लांबवता आलं असतं. मी काही घाणेरडं बोलल्यासारखा तो माझ्याकडे बघायला लागला. त्यांना दिसायला हवं, एवढंच तो म्हणाला. आणि दिसल्यावर? दिसल्यावर बघतील, ओळखतील आणि हाकलतील. खालच्या खोलीशिवाय त्याला दुसरं काही येत नाही हे तो बोलला नाही, पण ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पट्टी निघाली त्या दिवशी बाबा घरभर लहान मुलासारखे फिरले. न्हाणीतली प्लास्टिकची बादली उचलून त्यांनी आईला विचारलं की ही निळी होती का. आई म्हणाली की तुम्हीच आणली होती. मग त्यांनी भिंत बघितली, आपल्या सदऱ्याची बाही बघितली, आईचा चेहरा बघितला. तिच्या चेहऱ्यावर ते जरा जास्त थांबले आणि आईने उगाच पदर सारखा केला. मग ते खाली निघाले. त्यांच्या मागे आई, मी, आणि सगळ्यात शेवटी दादा. दादाच्या हातात रंग पुसायचं फडकं होतं आणि तो त्याला पीळ देत होता.

बाबांनी कापड काढलं. डावा डोळा हाताने झाकला आणि नव्या डोळ्याने बघत राहिले. आईचा गव्हाळ गाल, कानापाशी किंचित लाली, शालीच्या मोरपिशी रंगाची हनुवटीवर पडलेली बारीकशी झाक. सगळं जिथल्या तिथे.

बाबा वळले. चेहरा फुललेला होता. "डोळे जातात, हात जात नाही," ते म्हणाले. मग दादाकडे बघून म्हणाले, "रंग बघ. शिक काहीतरी."

दादाने मान हलवली. बाबांनी तिथल्या तिथे बारीक ब्रश घेतला आणि उजव्या कोपऱ्यात झोकात सही केली.

मी त्या दिवशी जेवले नाही. दादा सुटला होता, आई सुटली होती, बाबा खूश होते, आणि माझं डोकं तापलं होतं. मी दादाला न्हाणीत ओढून नेऊन विचारलं की हे तुला चालतं? रंगाचं श्रेयसुद्धा गेलं, तेवढंच तर तुझं होतं. तो म्हणाला की झाकली मूठ राहू दे. बाबांना आयुष्याच्या शेवटी आपला हात शाबूत आहे असं वाटतंय, त्यात वाईट काय? आणि कोपऱ्यातलं नाव? ते नाही तर नाही. आईनेही मला दटावलं. आपलेच दात, आपलेच ओठ, तू गप्प बस. मी गप्प बसले. मला ते अजिबात जमत नाही, पण बसले.

मूठ उघडली ती बाबांनीच.

दोन-तीन दिवसांनी दुपारी न्हाणीच्या दारावर टकटक झाली. दार उघडलं तर बाबा, हातात वहीएवढी लाकडी फळी. ते आत आले आणि त्यांनी फळी माझ्या टेबलावर ठेवली. तिच्यावर आई होती, झोपलेली. हे चित्र आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. बाबांनी ते सकाळी लवकर, आई जागी व्हायच्या आधी, पलंगाजवळ बसून काढलं होतं आणि कपाटात कोटांच्या मागे ठेवून दिलं होतं. खालचं चित्र चालू होतं त्याच दिवसांतलं. त्यातल्या आईचा गाल जांभळा होता, ओठ निळसर, केसांत हिरवी झाक. आज कोट काढताना फळी हाताला लागली आणि त्यांनी ती नव्या डोळ्याने बघितली.

"हे माझं," बाबा म्हणाले. "मग खाली आहे ते कुणाचं?"

खोटं बोलता आलं असतं. दादाने तेच करायला सांगितलं असतं. पण बाबा डोळे किलकिले न करता, नुसतेच बघत होते, आणि मला तसं बघणाऱ्या बाबांशी खोटं बोलायची सवय नव्हती. मी सांगितलं की गडद-उजळ तुमचं आहे आणि रंग दादाचे. संध्याकाळी तुम्ही फिरायला गेलात की करायचा. आईने सांगितलं होतं.

ते माझ्या स्टुलावर बसले. आधी चेहरा पांढरा पडला, मग तापला. माझ्याच घरात, माझ्याच माणसांनी माझ्या डोळ्यांत धूळ फेकली, असं ते म्हणाले. आई आवाज ऐकून दारात आली होती. ती शांतपणे म्हणाली की धूळ कुणी फेकली नाही, मोतीबिंदू होता. आणि मी तुमच्या आधी जाऊन भिंतीवर वांगं होऊन लटकले असते, तेही तुमच्याच सहीने, ते तुम्हाला चाललं असतं का? आई आपल्या कामाला निघून गेली.

मग त्यांनी माझे रविवारचे फोटो मागितले. मला आधी कळेना कशाला. ते म्हणाले की रंग बदलला म्हणजे गडद-उजळ बिघडलंच असणार. ह्याला ते कळत नाही, कधी कळलं नाही. तेव्हा मला मोतीबिंदू होता म्हणून सुटला. आता मी शोधून काढतो.

त्यांना जिंकायचं होतं. मला ते आवडलं नाही, पण समजलं. त्यांच्याकडचे रंग गेले होते. निकाल तरी शाबूत हवा होता. मी दोन फोटो निवडले. एक सुरुवातीचा, रंग चढले होते पण दादाने हात लावला नव्हता तेव्हाचा. दुसरा शेवटच्या रविवारचा. दोन्हींतला नुसता चेहरा आणि गळा सारख्या मापाने छापला. ओले कागद दोरीवर लावले आणि माझीच फजिती झाली: कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा, मलाच सांगता येईना. फिल्मच्या पट्ट्या परत तपासून मी आधीच्या कागदाचा एक कोपरा कात्रीने उडवला. एकात वांगं होतं, दुसऱ्यात आई होती, आणि दोघी काळ्या-पांढऱ्यात जुळ्या बहिणी झाल्या होत्या. आयुष्यभर मी म्हणत आले की काळा-पांढरा फोटो खोटं बोलत नाही. दादाची इतक्या दिवसांची मेहनत त्याने साफ गिळली होती.

बाबा दोन्ही कागद घेऊन व्हरांड्यात बसले. भिंग घेतलं. कपाळ, भुवया, नाकाची कड, ओठांचे कोपरे, सगळं एकेक करून ताडून पाहिलं. मध्येच भिंग ठेवून डोळे किलकिले करायचे आणि पुन्हा भिंग उचलायचे. चहा आला तो निवला. मी दारात उभी होते. हळूहळू त्यांचा जोर उतरत गेला, ते भुवया खाजवायला लागले. आणि मग एकदम पुढे वाकले.

"इथे," ते म्हणाले. आवाजात आनंद होता. "हनुवटीखाली. हे बघ, इथे सावली उजळ राहिलीय. मान सुटली. डोकं धडावर बसलेलंच नाही. इथे चुकला तो."

मी जवळ गेले. त्यांचं बोट ज्या कागदावर होतं, त्याचा एक कोपरा उडवलेला होता. दुसऱ्या कागदावर हनुवटीखालची सावली किंचित खोल होती, इतकी किंचित की मी ती छापताना पाहिली नव्हती, आणि आईचं डोकं खांद्यांवर निवांत बसलं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी कागदाच्या कापलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवून सांगितलं की बाबा, हा आधीचा. दादाने हात लावायच्या आधीचा.

त्यांनी कागद उचलून कोपरा बघितला. मग दुसरा कागद बघितला. त्यांना ती चहाची सकाळ आठवली असणार, कारण ते पुटपुटले की मान बसली, आणि मला आईचा ठसका आठवला.

मग ते उठले आणि माझ्याकडे पिवळी काच मागितली. मी माझी नवी काच दिली. एका हातात काच, काखेत ती फळी, असे ते जिना उतरले. या वेळी पायरी चुकले नाहीत.

दादा खाली ब्रश धूत होता. त्याने आधी फळी बघितली, मग काच, आणि नळ बंद केला. आता जे व्हायचं ते होऊ दे, अशा माणसासारखा तो भिंतीला टेकून उभा राहिला. मी दारातच थांबले.

बाबांनी चित्रासमोर उभं राहून काच नव्या डोळ्यापुढे धरली. काढली. परत धरली. काचेतून त्यांना त्यांचं जुनं चित्र दिसत होतं, जसं ते रोज सकाळी बघायचे, त्याच गडदपणाचं. काच काढली की आई दिसत होती. असं त्यांनी कितीदा केलं कोण जाणे.

"मान कधी केलीस?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

दादा म्हणाला की रंगाखेरीज काही बदलायचं नाही असं ठरवलं होतं. तेवढं एक पाळता आलं नाही. आई खुर्चीतून पुढे पडेल असं वाटायचं.

"मला वाटलं, मी केली."

"हो," दादा म्हणाला. "तुम्ही चहाच्या वेळी बोललात."

"आणि तू ऐकून घेतलंस."

बाबांच्या मानेची शीर उडत होती. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी काच खिडकीत ठेवली. टेबलावरच्या डब्यातून एक बारीक ब्रश उचलला, अंगठ्याने त्याचे केस चाचपले आणि तो दादाच्या ओल्या हातात दिला.

माझी सही उजवीकडे आहे, ते म्हणाले. डावा कोपरा मोकळा आहे.

दादाला कळायला वेळ लागला. त्याने ब्रशकडे बघितलं, कोपऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली, कारण मी रडताना कुणी बघितलेलं मला आवडत नाही. बाबा फळी काखेत मारून जिन्याकडे निघाले होते. त्या कोपऱ्यात पडदा फार काळोखा आहे, त्या बेताने रंग घे, एवढं ते जाता जाता बोलले.

"किती उजळ घेऊ?" दादाने विचारलं. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाचा आवाज शाळेतल्या मुलासारखा येत होता.

बाबा पहिल्या पायरीवर थांबले. कठड्याला हात धरला. वळले मात्र नाहीत.

"ते तुला कळतं," ते म्हणाले आणि वर गेले.